काजूचं वर्ष कुठून मोजायचं

आमच्या बाजूला मार्चची चाहूल आधी नाकाला लागते. कोरगावच्या वळणावर गाडीची काच खाली केली की पिकलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, तो गोड, आंबूस, थोडा घशाला धरणारा वास आत येतो आणि घरी पोचलं तरी कपड्यांतून जात नाही. परक्या माणसाला तो सोसत नाही. माझ्या ऑफिसातली पुण्याची एक मैत्रीण एकदा माझ्याबरोबर आली होती. तिने ओढणी जी नाकाला लावली ती परत पेडणं येईपर्यंत काढली नाही. मला मात्र त्या वासाने भूक लागते, आणि भुकेबरोबर काही वर्षांपूर्वीचा एक हंगाम आठवतो.

त्या हंगामात घडलं म्हणाल तर फारसं काही नाही. एका कागदाच्या जागी दुसरा कागद आला. पण माझ्या मामाची काजूची शेड त्या दोन कागदांच्या मधे महिनाभर लोंबकळत होती, आणि त्या महिन्यात मामीच्या तोंडचं हसू आटलं होतं, हे मला विसरता येत नाही.

मी पर्वरीला एका कंपनीत काम करते. लोकांच्या धंद्याचे आकडे घ्यायचे आणि ते एका नजरेत कळतील असे चार्ट करून द्यायचे, हे माझं काम. हॉटेलवाले, औषधांचे घाऊक व्यापारी, फरशीवाले, कोणीही येतं. हळर्णच्या आमच्या घरी कोणी माझ्या नोकरीची चौकशी केली तर आई सांगते, "ती कॉम्प्युटरार रेघो काडता." यापेक्षा नेमकं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

रेघा काढणं सोपं असतं. कोणती काढायची नाही हे कळायला वर्षं जातात. आमच्या ऑफिसात एक साहेब होते, त्यांना गोल चार्टांचा फार सोस. दहा वस्तूंची विक्री दाखवायची झाली तरी एक गोल, त्याचे दहा तुकडे आणि दहा रंग. मी त्यांना म्हटलं, साहेब, पोदेराकडच्या गरम उंड्याचे, म्हणजे गोल पावाचे, दोन तुकडे केले तर मोठा कुठला हे कोणीही सांगेल. दहा केले तर भावंडांत मारामारी होते. ते हसले आणि म्हणाले, पण दिसतो छान. छान दिसतो याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच की बघणाऱ्याने तो बघून उठावं आणि त्याला काहीतरी कळलेलं असावं. आणखी एक खोड म्हणजे रंगांची किल्ली कोपऱ्यात देणं. निळा म्हणजे म्हापसा, नारिंगी म्हणजे डिचोली. वाचणाऱ्याची नजर बिचारी रेघेवरून कोपऱ्यात, कोपऱ्यातून रेघेवर अशा खेपा घालत राहते. रेघेच्या टोकाशीच "डिचोली" लिहिलं तर काय बिघडतं, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

त्या वर्षी ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली होती. हळर्णच्या घरी इंटरनेट मर्जीचं. नदीकडच्या पायरीवर बसलं तर येतं, किल्ल्याच्या बाजूला तोंड केलं की जातं. म्हणून मी लॅपटॉप उचलून मामाकडे कोरगावला राहायला गेले. मामाच्या शेडीला लागून वर एक खोली आहे. तिच्या जनेलातून खालचं खळं दिसतं, आणि खळ्यावर वाळत घातलेल्या बिया. उन्हं वर आली की त्या बियांना एक कोरडा, भाजका वास सुटतो. बोंडूंच्या वासाशी त्याचं काही नातं आहे असं सांगूनही खरं वाटणार नाही.

शेडीत सकाळपासून आवाज असायचा तो कातरीचा. वाफवलेली बी पात्यात धरायची, पाय दाबायचा, खट्. परत बी, परत खट्. गावातल्या बायका आणि दोघी-तिघी बांद्याच्या बाजूच्या, रांगेने बसलेल्या, हाताला खोबरेल चोपडलेलं, कारण टरफलातलं तेल कातडीला लागलं की सालपटं निघतात. पलीकडे मामी गर निवडत बसायची. अख्खे एका सुपात, पाकळ्या दुसऱ्यात, तुकडा तिसऱ्यात. मी एकदा कामाचा कंटाळा आला म्हणून तिच्या शेजारी जाऊन बसले आणि मदत म्हणून दोन मुठी निवडल्या. तिने माझं सूप हातात घेतलं, बघितलं, आणि सगळं परत ढिगात ओतलं. मग म्हणाली, "तू आपली रेघो काड गो बाय."

मामा दारात काट्यापाशी. लोक पोती घेऊन यायचे, कोणी डोक्यावरून, कोणी स्कूटरवर पायांत धरून. पोतं काट्यावर चढवायच्या आधी मामा बाजूला व्हायचा, माणसाला पुढे घ्यायचा आणि म्हणायचा, "काटो पळय. शून्यार आसा?" माणूस बघायचा, मान हलवायचा, मगच पोतं वर. शेजारचा असो, सोयरा असो, रोज येणारा असो. मी त्याला चिडवायचे की मामा, हा तुझा सख्खा चुलतभाऊ आहे, त्याला कशाला दाखवतोस. "त्याका पयलो दाखवचो पडता," मामा म्हणायचा.

एप्रिल नुकताच लागला होता तेव्हा भाऊ आले. भाऊ म्हणजे मामीचा थोरला भाऊ, शिरगावचे. सगळेच त्यांना भाऊ म्हणतात. निम्मी शेड त्यांची. बिया वाफवायचा बॉयलर त्यांच्या पैशाने आला, कातऱ्याही. त्याआधी त्यांचे खनिजाचे ट्रक होते. शिरगावात तेव्हा ज्याच्या दारात ट्रक नाही त्याच्याकडे लोक जरा काळजीने बघायचे. मग खाणी बंद झाल्या. भाऊंचे ट्रक दारातच उभे राहिले, एक पावसाळा गेला, दुसरा गेला, टायर बसले, टपावर गवत आलं. आज सुरू होतील, उद्या होतील म्हणत त्यांनी ते विकले नाहीत, आणि विकले तेव्हा भंगारवाल्याशिवाय कोणी फिरकत नव्हतं. त्यातून जे हाताला लागलं ते त्यांनी बहिणीच्या घरच्या धंद्यात घातलं. त्या दिवसांबद्दल ते कधी बोलत नाहीत. फक्त खळ्यावर उभे राहिले की नकळत आधी आभाळ बघतात आणि मग पोत्यांची थप्पी.

त्या दिवशी ते थप्पी बघत नव्हते. कदेलावर, मामाच्या लाकडी खुर्चीवर, बसले आणि प्लास्टिकच्या फाईलीतून एक रंगीत कागद काढून त्यांनी मेजावर ठेवला. म्हापशाचा हिशेबनीस दरवर्षी नुसते आकडे द्यायचा. यंदा त्याच्या कॉम्प्युटरने चार्टही छापून दिला होता. जाडजूड खांब, एका बाजूने सावली दिलेले, सरकारी वर्षाला एक खांब. गेल्या वर्षीचा हिरवा, कागदाच्या माथ्याला टेकलेला. यंदाचा लाल, जमिनीलगत.

"गेल्या वर्सा हें," भाऊ म्हणाले, "आनी औंदा हें."

मामाने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"खाणी वेळार म्हाका सगळीं सांगतालीं, भाऊ, विक, वेळार विक. हांवें उशीर केलो," भाऊ शांतपणे बोलत होते. "आतां परत करचो ना. बॉयलराक आज गिऱ्हाईक आसा. फाल्यां आसतलें काय ना, कोण सांगता?"

भाऊंनी वाटा काढून घेतला तर शेड चालणार नव्हती. बॉयलर गेला की राहतं काय? पोती गोळा करून दुसऱ्याच्या कारखान्याला विकायची, जसं मामाच्या वडलांच्या वेळी चालायचं. कातऱ्यांवरच्या बायकांना घरी बसायला लागणार, मामीची सुपं माळ्यावर जाणार. हे कोणी बोललं नाही. मामी चहा घेऊन आली होती. तिने एक कप नवऱ्यापुढे ठेवला, एक भावापुढे, आणि दोघांकडेही न बघता आत गेली.

"जत्रा जावंदी," भाऊ उठताना म्हणाले. "मागीर थारावया." ते लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतधारी भक्त, आहेत. जत्रेच्या आधी व्रत धरतात, हातात वेताची काठी घेऊन तळ्यावर आंघोळीला जातात, होमकुंडातून चालतात. देवीचं काम पुरं होईपर्यंत धंद्याची बोलणी करायची नाहीत, हा त्यांचा ट्रकांच्या काळापासूनचा नेम.

कागद ते मेजावरच ठेवून गेले. मी तो वर खोलीत नेला आणि आधी, खरं सांगते, माझा राग धंदेवाईक होता. खांबांना सावल्या कशाला? सावलीमुळे खांबाचं खरं टोक कुठलं तेच कळत नव्हतं. आणि खांब शून्यापासून सुरू होत नव्हतेच. कॉम्प्युटरने खालचा मोठा भाग परस्पर कापून टाकला होता, त्यामुळे फरक होता त्याच्या कितीतरी पट दिसत होता. लाल रंगाने उरलंसुरलं काम केलं होतं. मला वाटलं, सापडलं. मी आकडे मागवून घेतले, शून्यापासून साध्या पट्ट्या काढल्या, सावल्या काढल्या, दोन्हींना एकच करडा रंग दिला.

यंदाची पट्टी तरीही गेल्या वर्षीच्या जेमतेम निम्मी होती.

चार्ट वाईट होता, पण बातमी खरी दिसत होती. त्या दुपारी मी लॅपटॉप मिटला आणि जनेलाशी उभी राहिले. खाली खळ्यावर बिया होत्या. खळं भरून त्या बाजूच्या पडवीत आल्या होत्या, पडवीतून पायऱ्यांवर. मामा ताडपत्री शोधत होता. कातऱ्यांची खटखट थांबत नव्हती, आणि मामी कोणाला तरी फोनवर सांगत होती की नणंदेलाही घेऊन ये, माणसं पुरत नाहीत. हातातला कागद म्हणत होता धंदा निम्म्यावर आलाय आणि डोळ्यांसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्हीतलं एक खोटं असलं पाहिजे, आणि बिया तर मी मोजून घेतल्यासारख्या बघत होते.

आमच्याकडे हंगाम कधी सुरू झाला हे तारखेवरून कोणी सांगत नाही. डोंगराच्या पायथ्याला एक दगड आहे, तो मामाच्या बागायतीचा राखणदार. पहिला पिकलेला बोंडू, बीसकट, मामा त्या दगडापाशी ठेवतो, हात जोडतो आणि खाली येऊन काटा उघडतो. त्याआधी कोणी कितीही लवकर पोतं आणलं तरी घेत नाही. संध्याकाळी मामी विहिरीवर हातपाय धूत होती तेव्हा मी तिला सहज विचारलं, यंदा बोंडू कधी दिला?

"औंदा खूप उशीर," ती म्हणाली. "शिगमो सोंपलो, मागीर दिलो. पावस लांबलो, म्हणान मोहोरच उशिरा इलो. गेल्या वर्सा संक्रांत जाली आनी लगेच दिल्लो."

ती पाय पुसून आत गेली आणि मी तिथेच बसले.

सरकारी वर्ष मार्चअखेर संपतं. काजू फेब्रुवारीच्या सुमाराला पडायला लागतात ते मे सरेपर्यंत पडतात. म्हणजे सरकारी वर्षाची सुरी बरोबर हंगामाच्या पोटातून जाते. एरवी त्याने बिघडत नाही, दर वर्षी साधारण सारखाच तुकडा इकडे आणि तिकडे जातो. पण गेल्या वर्षी काजू लवकर आले. त्यामुळे त्या हिरव्या खांबात आदल्या हंगामाचे एप्रिल-मे होते आणि वर हा लवकरचा हंगाम जवळजवळ पुरा बसला होता. लाल खांबाच्या वाट्याला आलं ते लवकरच्या हंगामाचं उरलंसुरलं शेपूट आणि यंदाच्या उशिराच्या हंगामाची नुसती सुरुवात. यंदाचा खरा माल एकतीस मार्चनंतर येत होता. तो खाली खळ्यावर वाळत पडला होता.

हिशेबनिसाचं काही चुकलं नव्हतं. कर भरायला तेच वर्ष लागतं. चुकलो असू तर आम्ही सगळेच. काजू उशिरा आले हे कोरगावात लहान पोरालाही ठाऊक होतं. मामाला होतं, मामीला होतं, भाऊंना होतं, त्यांच्या शिरगावच्या परसातही तीन झाडं आहेत. पण रंगीत छापील कागद समोर आला आणि कोणाच्याही मनात आलं नाही की डोळ्यांनी बघितलेलं त्या कागदाशी ताडून बघावं. छापलेल्याचा धाक असतो. माझं तर पोटच त्या धाकावर चालतं, त्यामुळे मला हे जरा जास्तच बोचलं.

मग मी नवीन चार्ट करायला घेतला, आणि मोठमोठ्या कंपन्यांसाठी घेतले नाहीत एवढे कष्ट घेतले. पहिला फसला. होती नव्हती ती सगळी वर्षं मी त्यात कोंबली होती आणि कागदावर शेवयांचा गुंता झाला. एका चार्टने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं, हे मी नव्या मुलींना शिकवते, आणि स्वतः मामाच्या प्रेमापोटी सगळी शिकवण विसरले होते. प्रश्न एकच होता, शेडीत येणारी पोती कमी होतायत का? मग मी तीनच हंगाम ठेवले. प्रत्येक हंगामाची एक रेघ, जमा होत गेलेल्या पोत्यांची. आणि खालच्या अक्षावरून जानेवारी, फेब्रुवारी सगळे पुसून टाकले. तिथे लिहिलं, "राखणदाराला बोंडू दिल्यापासूनचे आठवडे." तिन्ही रेघा एकाच जागेवरून निघाल्या, शून्यावरून. टोकाशी मराठीत नावं घातली: लवकरचं वर्ष, त्याच्या आदलं वर्ष, औंदा. रंग दोनच, जुन्या दोन रेघा करड्या आणि यंदाची काळी. किल्ली नाही, सावल्या नाहीत, चौकटी नाहीत.

आमच्या कामात एक चाचणी असते. चार्ट ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात द्यायचा आणि आपण तोंड बंद ठेवायचं. फार अवघड जातं. मी तो मामीच्या हातात दिला. तिने हात पदराला पुसले, कागद उजेडाकडे धरला. मी जीभ दातांखाली धरून उभी.

"तिनूय वाटो एकाच घराक येतत," ती शेवटी म्हणाली. आणि मग खूप दिवसांनी जरा हसली. "ही काळी अजून वाटेर आसा."

मामाने संध्याकाळी बघितला. त्याला कळला, फार पटकन कळला, आणि कळल्यावर त्याचं बोट काळ्या रेघेवर थांबलं. यंदाची रेघ करड्या रेघांच्या बरोबरीने चालत होती खरी, पण अगदी केसभर खालून. आणि ती पानाच्या मधेच संपत होती, कारण हंगाम अजून चालू होता.

"बाय," तो हळूच म्हणाला, "ही काळी रेघ मातशी वयर काडूंक येयत काय गो? आनी फुडें अशी, टिंबां टिंबां करून, मे सोंपासर?"

काढता आली असती. त्यासाठी खोटं लिहावंही लागत नाही, हेच तर या कामातलं भय आहे. अक्ष थोडा ताणला, सुरुवात थोडी सरकवली, एक हंगाम बदलून दुसरा घेतला की केसभर खालची रेघ केसभर वर येते. पुढे ठिपके काढून बाण वर वळवायला तर कोणाची परवानगीही लागत नाही. आणि मला मामाची शेड हवी होती. त्या खोलीचं जनेल, ती खटखट, मामीची तीन सुपं, सगळं मला हवं होतं. 

"मामा," मी म्हटलं, "रिकामो काटो दाखयल्याबगर तू कोणाचें पोतें घेता?"

त्याने कागद मेजावर ठेवला, दोन्ही तळव्यांनी सपाट केला आणि म्हणाला, "आसा तसो वर." घेऊन जा, आहे तसा.

जत्रा झाली. तिच्यानंतरच्या आठवड्यात मामा आणि मी शिरगावला गेलो. डिचोलीच्या हद्दीत शिरलं की अजूनही रस्त्याकडेच्या झाडांच्या खालच्या पानांवर, भिंतींच्या खाचांत तो जुना तांबडा रंग दिसतो. भाऊंच्या अंगणात वेताची काठी भिंतीला टेकलेली होती, तिच्यावर मोगऱ्याच्या सुकलेल्या माळा. भाऊ उन्हाने आणि व्रताने बारीक झाले होते, पण चेहरा निवांत होता. वहिनींनी कोकमाचं सरबत दिलं. मामाने हवापाण्याच्या गोष्टी चालवल्या, त्या संपल्या, तेव्हा मी कागद काढला आणि पुन्हा तोंड बंद ठेवलं.

भाऊंनी आधी खालची ओळ वाचली. "राखणदाराला बोंडू दिल्यापासूनचे..." ते थांबले आणि त्यांनी मामाकडे बघितलं. मग बोट शून्यावर ठेवलं आणि एका करड्या रेघेवरून वर नेलं. परत खाली आले, दुसरीवरून नेलं. मग काळी. काळीवरून बोट हळूहळू गेलं आणि जिथे रेघ संपत होती तिथे येऊन राहिलं. अंगणात कोणीतरी पाणी शिंपत होतं, त्याचा आवाज येत होता.

"औंदाची मातशी सकल आसा," ते म्हणाले. यंदाची जरा खाली आहे.

"व्हय, सकल आसा," मी म्हटलं. "मातशी."

"आनी हे फुडें? फुडें कित्याक काडूंक ना?"

मामाने खुर्चीत अंग आवळलेलं मला कळलं.

"फुडलें माका खबर ना, भाऊ," मी म्हटलं. "जें इलां तेंच काडलां."

भाऊंनी कागदाच्या त्या कोऱ्या भागावरून तळवा फिरवला. मग ते बोलायला लागले, आणि त्या दिवसांबद्दल मी त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकलं. ट्रक घ्यायच्या वेळी त्यांनाही कोणीतरी कागद दाखवला होता म्हणे. गुळगुळीत, रंगीत. त्यात खरी रेघ थोडी होती आणि पुढे सगळे ठिपके, वर वर गेलेले, टोकाला बाण. "आमी ट्रक घेतले ते त्या टिंबांचेर," ते म्हणाले. "म्हज्या बापायन विचारलेंय, हीं टिंबां कोणें मोजल्यांत? आमी हांसलीं ताका."

त्यांनी कागदाची घडी घातली नाही. मांडीवर तसाच धरून ठेवला.

"बॉयलर खंय वचना," ते मामाला म्हणाले. "रावया. फुडल्या वर्सा परत असोच काड म्हणून सांग तिका." मी समोरच बसले होते, तरी त्यांनी ते मामालाच सांगितलं. मामा ग्लासातलं संपलेलं सरबत परत प्यायला. परतताना म्हापशाजवळ तो एकाएकी मला म्हणाला की भूक लागली आहे. आम्ही गाडी थांबवून भजी खाल्ली. इतकी तेलकट भजी मी आयुष्यात खाल्ली नाहीत आणि इतकी चांगलीही.

मे संपला तेव्हा काळी रेघ करड्या रेघांच्या केसभर खालीच राहिली. मी ती तशीच पुरी करून पाठवली. तो कागद अजून शेडीत काट्याच्या वर चिकटवलेला आहे, कडा तेलाने पिवळ्या झाल्यात. त्यानंतर दर वर्षी एक नवीन कागद लागतो आणि जुना खाली जातो.

या सगळ्यानंतर मी कामावर काय वेगळं करायला लागले असं कोणी विचारलं तर सांगायला फार लाजल्यासारखं होतं. नवीन गिऱ्हाईक आलं की मी आकडे उघडण्याआधी विचारते, तुमचं वर्ष कधी सुरू होतं? बहुतेक जण एप्रिल म्हणतात. मी थांबते. मग हॉटेलवाला म्हणतो, तसं म्हटलं तर पर्यटकांचं पहिलं चार्टर विमान उतरतं तेव्हा. शाळेच्या गणवेशवाला म्हणतो, मेच्या शेवटी, आयांची गर्दी सुरू होते तेव्हा. छत्र्यावाला तर प्रश्न ऐकून आभाळाकडेच बघतो. आकडे तेच असतात. फक्त कुठे उभं राहून मोजायला सुरुवात करायची ते आधी त्या माणसाकडून समजून घेतलं की पुढचं निम्मं काम आपोआप होतं. आणि पुढचे ठिपके मी अजूनही काढत नाही. साहेब रागावतात. मी त्यांना सांगते, दुसरी कोणी बघा.

यंदा मामाचा गुडघा फार दुखतोय. डोंगराचा चढ त्याला होत नाही. फेब्रुवारीत मी फोन केला तेव्हा मामी म्हणाली की मोहोर बरा आहे, पण बोंडू द्यायला वर कोण जाईल याचाच घोर आहे. तो दगडापर्यंत जाऊ शकत नाही आणि दुसऱ्याने दिलेला त्याला चालत नाही. काटा बंद ठेवून तो दारात बसलाय आणि पोती घेऊन येणाऱ्यांना परत पाठवतोय. मला हसू आलं आणि काळजीही वाटली.

परवा सकाळी ऑफिसात मीटिंग चालू होती. फोन थरथरला, शिरगावच्या भाऊंचं नाव. भाऊ मला कधी फोन करत नाहीत. मी बाहेर येऊन उचलला. पलीकडे वारा होता, आणि म्हाताऱ्या माणसाला चढ चढून आल्यावर लागते तशी धाप.

"बाय," ते म्हणाले, "हांव हांगा वयर आसां. राखण्याकडेन. तुज्या मामान म्हाका धाडलो." काठी दगडाला टेकल्याचा आवाज आला. "दिलो गो बोंडू. आतां रेघ सुरू कर."

मी परत आत गेले. कोणीतरी पुढच्या तीन वर्षांचा बाण पडद्यावर दाखवत होतं. मी वहीचं कोरं पान उघडलं, डावीकडे खाली शून्य लिहिलं, आणि त्याच्यावर काळ्या पेनने एक ठिपका ठेवला.